हरवलेले तीस व्होल्ट

९ जानेवारी

चाळीस वर्षं खांबांवर, गिरण्यांच्या छपरांवर आणि नको तिथं चढलो. कधी पाय घसरला नाही. आज घरातल्या न्हाणीघराचा दिवा बदलताना दीड हात उंचीच्या स्टुलावरून पडलो आणि उजव्या पायाचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. डॉक्टर म्हणाले, पडून राहा. ही म्हणाली, "पडून तर झालंच आहे."

वही हिनंच दिली. म्हणाली, "लिहीत बसा, म्हणजे माझ्यामागं भुणभुण कमी होईल." मी डावखुरा. लिहिलेल्यावरून हात जातो, शाई पसरते आणि तळहात निळा होतो. शाळेत यासाठी मार खाल्लेला आहे, आता कोणी मारणार नाही.

दुकानाची काळजी नाही. दुकान घराखालीच आहे आणि सून गेली तीन वर्षं तिथं बसते. दिवे, बटणं, होल्डर विकते. दोन वर्षांपूर्वी वायरमनची परीक्षाही पहिल्या झटक्यात पास झाली. पण परीक्षा वेगळी आणि काम वेगळं. मुलगा जहाजावर स्वयंपाकी आहे, त्याला तारांशी कधीच देणंघेणं नव्हतं. तेव्हा असं ठरवलं की मी खाटेवरून फोनवर सांगणार आणि सून हातानं करणार. डोकं माझं, हात तिचे. तिला हे सांगितल्यावर ती "बरं, बाबा" म्हणाली. मुलगी गुणी आहे.

१२ जानेवारी

व्यवस्था झकास चालली आहे. सकाळपासून अकरा फोन आले. त्यातल्या नऊ जणांनी "ताई आहेत का?" असंच विचारलं. माझा पाय मोडल्याचं सगळीकडे कळलेलं दिसतं. आजारी माणसाला त्रास नको म्हणून लोक तिला मागतात. माणुसकी अजून शिल्लक आहे. कोपऱ्यावरचा शिंपी तर म्हणाला, "काका, मी गेल्या वर्षीपासून ताईंनाच सांगतो." म्हणजे गेल्या वर्षीही त्याला माझी दगदग नको होती.

संध्याकाळी सून खाटेजवळ येऊन बसते आणि विचारते. आज विचारलं, "बाबा, पंखा फिरत नाही, नुसता गुणगुणतो. काय करू?" मी म्हटलं, कपॅसिटर बदल. तिनं मान डोलावली. तिच्या पिशवीत एक काढलेला जुना कपॅसिटर आधीच पडलेला होता, कुठून आणला कोण जाणे. विचारायला गेलो तर ही मध्येच चहा घेऊन आली.

१७ जानेवारी

आज मोठं काम आलं. उबवणी केंद्राच्या बाईंचा सकाळी सातला फोन आला. त्यांच्या तीन नंबरच्या यंत्रात बाराशे अंडी आहेत, आज तेरावा दिवस. आतला पारा साडेसदतीसच्या खाली येता कामा नये. तो कालपासून उतरतोय, आज सकाळी छत्तीसवर होता. हीटर चालू आहे, पण थंडी कडाक्याची आहे आणि हीटर कमी पडतो. बाईंनी यंत्रावर गोधड्या टाकल्यात. अजून एक-दोन दिवस असं चाललं तर आतली पिल्लं कवचातच मरतील. शिवाय त्यांनी दुसरी शेड बांधायला काढली आहे. तिचं सगळं विजेचं काम आपल्याला मिळायचं घाटत होतं.

सुनेला पाठवलं. तिला सांगितलं, घाबरू नकोस, तिथली सगळी वायरिंग नऊ वर्षांपूर्वी मी दुकानातली दोन पोरं हाताशी घेऊन केलेली आहे. छतात किंवा भिंतीत एकही जोड नाही. तार कमी पडली तर नवी आणायची, जोड दडवायचा नाही, हा माझा दंडक. तिलाही पहिल्याच दिवशी हेच शिकवलं होतं.

फोनवर मी म्हटलं, "टेस्टर लाव. पेटला?"

"पेटला."

"मग वीज येतेय. हीटरची कॉइल म्हातारी झाली असेल, बदल."

तिनं कॉइल बदलली. काही फरक पडला नाही.

१८ जानेवारी, सकाळी

आज तिला मीटर घेऊन पाठवलं. हीटरचा प्लग काढून सॉकेटमध्ये व्होल्ट मोजायला सांगितलं. दोनशे तीस, पुरेपूर. मी म्हटलंच होतं. माझ्या लाईनीत खोट निघणं शक्य नाही. आता राहता राहिला थर्मोस्टॅट, ऊब पुरेशी झाली की हीटर बंद करणारा. तोच बदलायला सांगितला.

ती म्हणाली, "बाबा, पण थर्मोस्टॅट हीटर बंदच करत नाहीये. कालपासून हीटर सलग चालू आहे. मग दोष त्याचा कसा?"

मी म्हटलं, चाळीस वर्षं झाली मला. ती "बरं" म्हणाली. तिचं "बरं" हल्ली थोडं लांबतं.

त्याच दिवशी, दुपारी

डोकं फिरलंय. तिचा फोन आला. म्हणते, प्लग लावून, हीटर चालू ठेवून मोजलं, तर दोनशेच भरतात. तीस व्होल्ट गायब. मी म्हटलं, असं कसं होईल? सकाळी दोनशे तीस होते ना? तर म्हणते, "तेव्हा तारेतून काही जातच नव्हतं."

मीटर बिघडला असेल म्हटलं. म्हणाली, मेन बोर्डवर याच मीटरनं आत्ता दोनशे तीस दाखवले, हीटर चालू असताना. मग मी म्हटलं, मला शिकवू नकोस, आणि फोन ठेवून दिला. नंतर अर्धा तास पायाला कंड सुटला होता आणि प्लास्टरमध्ये बोट जात नव्हतं.

तिनं थर्मोस्टॅट बदलला नाहीच. आल्यावर म्हणाली, "तुम्ही लाईन नीट बघून घे म्हणाला होतात, म्हणून मी मेन बोर्डापासून जाड केबल जमिनीवरून थेट यंत्रापर्यंत टाकली. चाळीस मिनिटांत पारा सदतीसच्या वर गेला." मी लाईनीबद्दल कधी म्हणालो ते आठवत नाही, पण म्हणालो असेन. औषधांनी विसरायला होतं. अंडी वाचली. माझ्या सल्ल्यानं वाचली म्हणायचं.

१९ जानेवारी

काल मी रागावलो म्हणून आज सकाळी ती टॉर्चचे तीन सेल, टॉर्चचा दिवा आणि पेन्सिल घेऊन खाटेशी आली. मला काही सांगायचं नाही असं दाखवून सासूला सांगत बसली. माझे कान उघडे होते.

पेन्सिल दोन्ही टोकांना तासली होती. वीज आधी पेन्सिलीच्या शिशातून जाणार, मग दिव्याला पोचणार. दिवा सुटा ठेवून मीटर लावला तर साडेचार व्होल्ट, म्हणजे तिन्ही सेलांचे पूर्ण. दिवा जोडला तर सव्वातीन, आणि दिवा मिणमिणता.

"आई, करंट या रांगेत सगळीकडे सारखाच असतो. तारेत जेवढा, तेवढाच शिशात, तेवढाच दिव्यात. वाटेत कुठं संपत नाही. पण त्याला ढकलायचा जो जोर आहे, तो ज्याच्या त्याच्या अडथळ्याप्रमाणे वाटला जातो. शिसं तारेपेक्षा जास्त अडवतं, म्हणून सव्वा व्होल्ट तिथंच खर्च होतो. दिव्याला उरलेलं मिळतं."

"मग मघाशी पूर्ण कसे दिसले?"

"मघाशी रांग हलतच नव्हती. रांग थांबलेली असली की वाटेत कोण अडवतंय ते दिसत नाही."

ही माझ्याकडे बघून म्हणाली, "यांचंही तसंच आहे. बसलेले असले की दोनशे तीस. पिशवी उचला म्हटलं की उतरले." दोघी खूप हसल्या. मीही हसलो, न हसून सांगतो कुणाला.

मग ती माझ्याकडे वळली. "बाबा, तुमच्या लाईनीत तीस व्होल्ट असेच कुठंतरी खर्च होतायत. हीटर पावणेचार अँपिअर घेतो. तीस गुणिले पावणेचार, एकशे दहा वॉटच्या वर. तार बारीक असती तर ती उष्णता सगळ्या लांबीत पसरली असती. पण तार चांगली जाड आहे. म्हणजे एकाच जागी आहे. कुठं जोड आहे का छतात?"

"नाही," मी म्हटलं. विचार करायलाही थांबलो नाही.

तिनं माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं आणि गेली. खालच्या दाराचा आवाज आला आणि मला आठवलं.

नऊ वर्षांपूर्वीचं तिथलं शेवटचं यंत्र. तांब्याची तार तीन हात कमी पडली. तारेचं दुकान बंद, उद्या उघडणार होतं. बाईंची अंडी त्याच संध्याकाळी यायची होती. माझ्या पिशवीत ॲल्युमिनियमच्या तारेचा एक तुकडा होता. तांब्याला ॲल्युमिनियम पिळलं, टेप गुंडाळली, छताच्या फळ्यांवर ढकलून दिलं. उद्या येऊन बदलतो म्हटलं. तो उद्या अजून आलेला नाही.

तांबं आणि ॲल्युमिनियम तापले की सारखे फुगत नाहीत. रोज थोडे सैल होतात, वर गंजाची साय धरते, धातूला धातू टेकणारी जागा कमी कमी होत जाते. जागा कमी म्हणजे अडथळा जास्त, अडथळा जास्त म्हणजे आणखी ताप. हे मी शेकडो लोकांना सांगितलंय. आणि त्या फळ्यांवर ऊब राखायला लाकडाचा भुसा भरलेला आहे. एकशे दहा वॉटचा दिवा भुशात पुरून ठेवल्यासारखं मी तिथं करून ठेवलं होतं.

मी फोन केला. तिनं उचलला नाही. पुन्हा केला. शिडीवर असावी. हिला हाक मारली तर ही बाजारात. एक तास मी छताकडे बघत पडलो होतो. आयुष्यात एवढा घाबरलो नव्हतो.

त्याच दिवशी, संध्याकाळी

सापडला. तिनं जुन्या लाईनीवर मुद्दाम विजेची शेगडी लावली, कारण जोड तापला तरच हाताला लागणार. पंधरा मिनिटं थांबली. मग शिडी सरकवत सरकवत अख्ख्या छताला तळहात लावत गेली. चौदाव्या फळीला हाताला चटका बसला आणि तिनं तो मागे घेतला. मेन स्विच बंद केला, फळी उचकटली. टेपचा कोळसा झाला होता. फळी आतून काळी, भुसा वीतभर तपकिरी. अजून चार-आठ दिवसांत पेटलं असतं, ती म्हणाली.

मी "कॉइल बदल" म्हटलं होतं. "थर्मोस्टॅट बदल" म्हटलं होतं. आणि "जोड नाही" म्हटलं होतं. माझं ऐकलं असतं तर आज तिथं काय झालं असतं, हे लिहवत नाही.

मी विचारलं, "बाई काय म्हणाल्या?"

"कोणाचं काम, विचारत होत्या. मी म्हटलं, विचारून सांगते."

तिला काही कळलेलं नाही हे नशीब. जेवताना तिनं सहज विचारलं, "बाबा, तुम्ही तारेला पीळ डाव्या हातानं घालता ना?" मी म्हटलं, हो, जन्मापासून. माझ्या हाताचं तिला नेहमीच कौतुक आहे.

२२ जानेवारी

सांगायला हवं. पण सांगितलं तर दुसऱ्या शेडचं काम जाईल. आणि ते काम माझं नाही, तिचं आहे. म्हणजे मी गप्प आहे तो तिच्यासाठीच. हे लिहून पुन्हा वाचलं. कागदावर बरं दिसत नाही.

ती रोज येते, बसते, दिवसाचं सांगते. जोडाचा विषय काढत नाही.

२७ जानेवारी

दोन दिवस उशिरा का होईना, पिल्लं आली. बाराशेत नऊशे सोळा. बाईंनी फोन करून आधी सुनेला सांगितलं, मग मला. मागे पिल्लांचा एवढा कलकलाट होता की अर्धं ऐकू आलं नाही. बाई म्हणाल्या, "काका, तुमची सून म्हणजे हिरा आहे." मी म्हटलं, "आमच्या दुकानाची शिस्तच तशी." म्हणालो आणि जीभ चावली. हिनं ऐकलं. लगेच माझ्या उशीचा अभ्रा बदलायला घेतला. तो कालच बदललेला होता.

२९ जानेवारी

हिला सगळं सांगितलं. ही म्हणाली, "मला सांगून काय उपयोग?"

३१ जानेवारी

आज उबवणी केंद्रात जाऊन आलो. डॉक्टरांना विचारलं नाही. सुनेनं गाडी बोलावली, मी पाय लांब करून मागच्या सीटवर आडवा. ती पुढे बसली. कशाला जायचंय हे तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

बाई ऑफिसात ट्रे मोजत होत्या. मी कुबड्यांवर उभा राहिलो, बसा म्हटलं तरी बसलो नाही. म्हटलं, "बाई, छतातला तो जोड माझ्या हातचा. तार कमी पडली आणि मी घाई केली. उद्या येतो म्हणालो होतो, आलो नाही. सुनेनं विचारलं तेव्हाही मी नाही म्हणालो. तुमची शेड जळाली असती. दुसऱ्या शेडचं काम तुम्ही दुसऱ्या कुणाला दिलंत तर माझं काही म्हणणं नाही. पण हिला मात्र यात धरू नका. हिनं माझं ऐकलं नाही, म्हणून तुमची शेड उभी आहे."

बाईंनी ट्रे खाली ठेवला. "काका, तुमच्या दुकानाचं काम आहे हे हिनं मला त्याच दिवशी सांगितलं. शिडीवरून उतरल्या उतरल्या. म्हणाली, चूक आमची आहे, दुरुस्त आम्हीच करून देऊ, कोणाच्या हातून झाली ते घरी विचारून सांगते. म्हणून तर शेड दोनचं काम मी तेव्हाच तिला दिलं. अजून तुम्हाला सांगितलं नाही वाटतं?"

मी सुनेकडे बघितलं. ती दाराबाहेर पिल्लांच्या खोक्यांकडे बघत होती, जणू तिला खोक्यांशिवाय दुसरं काही काम नव्हतं.

परतताना गाडीत विचारलं, "तुला कधी कळलं?"

"टेप काढल्यावर. पीळ उलटा होता, बाबा. आपल्याकडे उलटा पीळ घालणारं दुसरं कोण आहे?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल असं वाटत होतं."

"आणि नसतो बोललो तर?"

सिग्नल सुटला, गाडी पुढं गेली. मग म्हणाली, "तर मी उद्यापासून तुम्हाला संध्याकाळी काही विचारलं नसतं."

आता मला त्या संध्याकाळच्या प्रश्नांचा थोडा थोडा उलगडा होतोय. कपॅसिटरचा झाला. बाकीच्यांचा विचार करायचं धाडस आज नाही.

२ मार्च

प्लास्टर निघून दहा दिवस झाले. पाय काडीसारखा झालाय. शेड दोनची तपासणी आज होती, मला यायलाच हवं असं सून म्हणाली. काठी टेकत गेलो. बाई होत्या, त्यांचे दोन कामगार होते, आणि हीही हट्टानं आली होती, पिल्लं बघायच्या निमित्तानं.

सून म्हणाली, "बाबा, तपासा." हातात मीटर दिला आणि बाजूला उभी राहिली. मी प्रत्येक डबा उघडायला लावला. जोड फक्त डब्यांत, पितळी पट्टीत स्क्रूनं आवळलेले, झाकण काढलं की दिसतील असे. एकेक तार ओढून बघितली. एकही हलली नाही. मनात कुठंतरी एखादी खोड सापडावी असं वाटत होतं, हे खरं सांगतो. तासभर शोधलं.

मग शेवटच्या यंत्रापाशी गेलो, मेन बोर्डापासून सगळ्यात लांबचं. सवयीनं प्लग काढायला हात गेला. मीच तो मागे घेतला. "हीटर चालू करा," म्हटलं. कॉइल लाल होईपर्यंत थांबलो. मेन बोर्डवर दोनशे तीस होते. इथं मोजले. दोनशे एकोणतीस.

पुन्हा मोजले. दोनशे एकोणतीस. एवढ्या लांबीत एकच व्होल्ट गेला, आणि तोही तारेचा हक्काचा. कुठल्याही तारेला तेवढा द्यावाच लागतो.

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. सूनसुद्धा. परीक्षेच्या निकालाच्या दिवशी होती तशी, ओठ घट्ट मिटून. मला काहीतरी मोठं बोलायचं होतं. शेवटी बाईंना, हिला, त्या दोन कामगारांना ऐकू जाईल असं म्हणालो, "चाळीस वर्षांत माझ्या हातून असं काम झालं नाही."

ही म्हणाली, "ऐकू आलं नाही, पुन्हा सांगा." तिला चांगलं ऐकू आलं होतं. मी पुन्हा सांगितलं.